वाजवणारा कुठे बसतो? : टँगो, सिनेमा आणि आमची हलगी

आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहिला जातो तो दरबाराचा, देवळाचा किंवा घराण्याचा. कोणता राग कोणी बांधला, कोणत्या संस्थानिकाने कोणत्या गवयाला आश्रय दिला, हे तपशिलाने नोंदलेले असते. परंतु वाजवणाऱ्याची जात कोणती, तो कुठे बसत होता, त्याला मोबदला कशाच्या रूपाने मिळत होता आणि तो कोणत्या पंगतीला जेवत होता, हे चार प्रश्न या इतिहासाला पडत नाहीत. पडत नाहीत, कारण ते ज्यांना पडायला हवेत त्यांच्या हातात आजवर हलगी होती, लेखणी नव्हती. प्रस्तुत लेखात हे चार प्रश्न मी विचारणार आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण बीड जिल्ह्यापासून फार दूरचे आहे: सिनेमासाठी रचलेले टँगो संगीत आणि ते वाजवणारा एक छोटा वाद्यवृंद. इतक्या दूर जाण्याचे कारण वैयक्तिक आहे, ते आधी सांगतो.

मी एका ग्रामीण महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आजा गावचा हलगीवाला. चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. लहानपणी मी त्यांच्यासोबत गॅसबत्तीची पेटी डोक्यावर घेऊन वरातीत चालत असे. त्यामुळे एक सवय अंगात मुरली. वरात कोणाचीही असो, माझी नजर नवरदेवाकडे जात नाही, वाजवणाऱ्यांकडे जाते. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या खोलीवर 1992 चा ‘सेंट ऑफ अ वुमन’ हा अमेरिकन चित्रपट पाहिला. त्यात एक निवृत्त, अंध लष्करी अधिकारी हॉटेलच्या दालनात एका अनोळखी तरुणीबरोबर टँगो नाचतो. जगभर हा प्रसंग अल पचिनो या नटामुळे लक्षात राहिला. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्करही त्याला मिळाले. मला मात्र प्रश्न पडला तो मागे वाजवणाऱ्यांचा. ही माणसे कोण? त्यांची नावे काय?

नावे शोधली आणि ती सापडलीही. त्या गटाचे नाव ‘द टँगो प्रोजेक्ट’. अकॉर्डियनवर विल्यम शिमेल, व्हायोलिनवर स्टॅन कर्टिस आणि पियानोवर मायकेल साल, अशा तिघांचा हा न्यूयॉर्कचा गट. 1982 साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली होती. युरोपीय परंपरेत अशा मोजक्या वादकांच्या मेळाला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे दालन. हातात छडी घेतलेला संचालक नाही, समोर थोडे श्रोते, एकेका वाद्याला एकेकच वादक. प्रत्येकाने दुसऱ्याचे ऐकत वाजवायचे. व्याख्या वाचली तेव्हा मला हसू आले. दोन सनया, एक सूर आणि एक संबळ हाही याच व्याख्येत बसणारा मेळ आहे. फरक एवढाच की त्याला दालन कधी मिळाले नाही. त्याची जागा मांडवाच्या बाहेर, चपलांच्या शेजारी.

त्या तिघांनी वाजवलेली चाल मुळात दुसऱ्याच एका सिनेमासाठी रचलेली होती. ‘पोर उना काबेसा’ हे तिचे नाव. 1935 च्या ‘टँगो बार’ या चित्रपटासाठी कार्लोस गार्देल याने ती बांधली आणि आल्फ्रेदो ले पेरा याने शब्द लिहिले. गार्देल अर्जेंटिनाचा सर्वांत लाडका गायक. त्याला स्वरलिपी येत नव्हती. तो चाल गुणगुणत असे आणि कागदावर उतरवण्याचे, वाद्यमेळासाठी बांधण्याचे काम दुसरे कोणीतरी करीत असे. न्यूयॉर्कमध्ये चित्रित झालेल्या त्याच्या सिनेमांसाठी हे काम तेरिग तुची या संगीतकाराने केले. गार्देलचे नाव आज घरोघरी आहे. तुचीचे नाव जाणकारांपुरतेच उरले आहे. त्याच वर्षी, 24 जून 1935 रोजी, कोलंबियातील मेदेयिन येथे विमान अपघातात गार्देल आणि ले पेरा दोघेही गेले.

पण गार्देलच्याही मागे जायला हवे. टँगो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, ब्यूनोस आयर्स आणि माँतेविदेओ या बंदरांत घडला. या बंदरांत आफ्रिकेतून गुलाम आणले जात होते. 1810 च्या सुमारास ब्यूनोस आयर्सच्या लोकसंख्येत सुमारे तीस टक्के माणसे आफ्रिकी वंशाची होती. ‘टँगो’ हा शब्दच जुन्या कागदपत्रांत काळ्या लोकांच्या नाचाच्या जागेसाठी आणि मेळाव्यासाठी येतो. पुढे इटली आणि स्पेनमधून लाखो गरीब स्थलांतरित आले. एकेका खोलीत एकेक कुटुंब कोंबलेल्या चाळींत ते राहू लागले. गुलामांच्या वंशजांचा ठेका, खेड्यातून आलेल्या गुराख्यांचे गाणे आणि स्थलांतरितांची वाद्ये या वस्त्यांत एकमेकांत मिसळली. बंदराजवळची नाचघरे, दारूचे अड्डे आणि वेश्यावस्त्या ही टँगोची पहिली पाठशाळा. टँगोचा प्राण मानले जाणारे बँडोनियन हे भात्याचे वाद्य जर्मनीत तयार झालेले. जिथे मोठा ऑर्गन परवडत नसे तिथे धार्मिक गाण्यांच्या साथीसाठी ते वापरले जाई. स्थलांतरितांबरोबर ते बंदरात उतरले आणि नाचघरात शिरले. आपल्याकडे लष्करी बँडची पितळी वाद्ये छावणीतून निघून लग्नाच्या वरातीत आली, तसाच हा प्रकार.

त्या काळच्या एका माणसाचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. रोसेंदो मेंदिसाबाल हा आफ्रिकी वंशाचा पियानोवादक नाचघरांत वाजवीत असे. 1897 साली त्याने ‘एल एन्त्रेरियानो’ हा टँगो रचला. रचनाकाराची सही असलेल्या अगदी सुरुवातीच्या छापील टँगोंत त्याची गणना होते. पण ती सही होती ‘ए. रोसेंदो’. आडनाव गळालेले. कारण काहीही असो, ज्यांच्या पूर्वजांना आडनावे मालकांनी दिली त्यांच्या वंशजाचे नाव छापताना अर्धेच छापले गेले, हे मला सहज विसरता येत नाही. आमच्या आज्याचे नाव गावाने कधी पूर्ण घेतलेच नाही. एकेरी नाव, आणि त्याच्यापुढे जात.

अर्जेंटिनातील प्रतिष्ठित वर्गाने या नाचाला आधी नाके मुरडली. 1913 च्या सुमारास पॅरिसमध्ये टँगोचे वेड पसरले आणि मगच तो मायदेशातील श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शिरला. परदेशातून शिक्का मारून आलेली आपलीच वस्तू आदराने घरात घेण्याची रीत केवळ आपलीच आहे असे नाही. तो दिवाणखान्यात शिरला तेव्हा मात्र त्याच्या जन्मकथेतून काळा माणूस हळूहळू बाजूला सारला गेला. ‘आमचा देश युरोपीय वंशाचा’ असे सांगण्यात तेथील राज्यकर्त्यांना भूषण वाटू लागले होते. जिथे माणसांनाच मोजायचे नाही तिथे त्यांच्या ठेक्याची मोजदाद कोण ठेवणार?

यानंतर आला सिनेमा. मूकपटांच्या काळात ब्यूनोस आयर्सच्या चित्रपटगृहांत टँगोचे वाद्यवृंद पडद्यासमोर बसून वाजवीत. लोक कित्येकदा सिनेमापेक्षा वाद्यवृंद ऐकायला जात. 1933 साली अर्जेंटिनात बोलपटांचे युग सुरू झाले. त्यातल्या पहिल्याच मोठ्या बोलपटाचे नाव होते ‘टँगो’. संगीत आता फितीवर चढले आणि गावोगाव पोचू लागले. वादकाला मात्र चित्रपटगृहातील खुर्चीवरून उठावे लागले. सिनेमाने चाल अमर केली आणि वाजवणाऱ्याला अदृश्य केले. या दोन्ही गोष्टी एकाच यंत्राने एकाच वेळी केल्या.

आता मुंबईकडे वळू. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तेथील वादक पोटासाठी मुंबईत आले आणि हॉटेलांत, क्लबांत फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा आणि टँगो वाजवू लागले. रात्री हॉटेल आणि दिवसा स्टुडिओ, असा अनेकांचा क्रम होता. बोलपटाला मोठा वाद्यमेळ लागू लागला तेव्हा हिंदी चित्रपटांच्या संगीत दिग्दर्शकांना त्यांची गरज पडली. कारण दिग्दर्शकाला चाल सुचे, पण तीस-चाळीस वादकांसमोर ठेवायचा कागद लिहिणारा माणूस हवा असे. तो बहुधा गोव्याचा असे. शेजारच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र यांच्या 1951 च्या ‘अलबेला’मागे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा हात होता. त्यांचे खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. सेबॅस्टियन डिसूझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे वाद्यमेळ बांधले. अशा माणसांना श्रेयनामावलीत मिळाले तर ‘सहायक’ एवढे पद मिळे. रांगेत बसून वाजवणाऱ्यांचे तर नावही नसे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालायचा ध्यास घेऊन 1958 साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आपल्या ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’चा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. स्टुडिओच्या काचेआड बसणारे वादक त्या दिवशी लोकांसमोर बसले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गुंफले. सारा देश ते नाव गाऊ लागला, आणि असा माणूस खरोखर आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. 2012 साली गोव्यात त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गोव्याचा वादक, ब्यूनोस आयर्सचा काळा पियानोवाला आणि मराठवाड्यातील मातंग हलगीवाला यांना एकाच दावणीला बांधण्याचा माझा हेतू नाही. गोव्याच्या वादकापाशी शिक्षण होते आणि चर्चची शाळा होती. त्याचे श्रेय गेले, पण त्याच्या हातचे पाणी कोणी नाकारले असे त्याच्या धंद्यात घडत नव्हते. आमचा प्रश्न श्रेयाच्या अगोदरचा आहे.

हलगी ही आमच्याकडे कला म्हणून आली नाही. ती काम म्हणून आली. दवंडी, पोळा, देवीची पालखी, जत्रा, वरात, मयत या प्रत्येक वेळी मांगाने यायचे, हलगी शेकायची आणि वाजवायची. त्याला विचारले जात नसे, बोलावले जात नसे; सांगावा धाडला जाई. मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते आणि सणाची वाढलेली भाकर, तीही सर्वांचे झाल्यावर. ज्या देवीच्या पालखीपुढे आजा वाजवी, तिच्या पायरीवर तो चढत नसे. चामडे चालत होते, नाद चालत होता, माणूस चालत नव्हता.

सिनेमाचे आमच्यावरील उपकार मोजायचे तर ते इथे मोजले पाहिजेत, आणि ते कोणी फारसे मोजलेले नाहीत. जत्रेतील टुरिंग टॉकीज आणि रेडिओ यांनी खेड्यांना सिनेमाच्या गाण्यांची गोडी लावली. आता वरातीला नुसती हलगी पुरेना. सिनेमाचे गाणे हवे, म्हणून बँड हवा. तात्यांच्या पिढीने आज्याची हलगी खुंटीला लावली आणि उधारीवर क्लॅरिनेट, ट्रंपेट, ढोल घेतले. स्वरलिपी कोणालाच येत नव्हती. तंबूत एकच सिनेमा चार रात्री पाहायचा, गाणे कानात साठवायचे आणि पहाटे ओढ्याकाठी बसून वाद्यावर काढायचे. ज्या गाण्यांचा ठेका नेहमीच्या ठेक्यांत बसत नसे त्याला तात्या ‘विंग्रजी चाल’ म्हणत. मुंबईतल्या कोण्या गोवेकराने कागदावर उतरवलेला तो मेळ बीडच्या ओढ्याकाठी कागदाविना उतरत होता.

यात ठेक्याहून मोठा फरक घडला. बँडला सुपारी द्यावी लागे. दर ठरे, इसार मिळे, तारीख लागे. गाव बलुतेदाराला हुकूम देत होते; बँडवाल्याशी गावाला बोली करावी लागली. तात्या ‘नाही, त्या दिवशी जमणार नाही’ असे म्हणू शकत होते. आमच्या घराण्यात गावाला ‘नाही’ म्हणणारा तो पहिला माणूस. अंगावर जुनापाना का होईना, लाल डगला होता. हे स्वातंत्र्य पुरते नव्हते. हिवाळाभर घरातील माणसे ऊसतोडीला जात आणि परत आल्यावर उन्हाळ्याच्या लग्नसराईत तेच हात वाद्ये धरीत. पंगतीत जागा बदलली नव्हतीच. एका लग्नात बँडवाल्यांना गोठ्याजवळ पत्रावळी मांडल्या. तात्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवले, ठरलेले पैसे मोजून घेतले आणि न जेवता आम्ही सात कोस चालत आलो. मी दहा वर्षांचा होतो, मला भूक लागली होती, आणि मला तात्यांचा राग आला होता. तो राग चुकीच्या माणसावर होता, हे कळायला मला पदवी लागली.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची. शिकायला शहरात गेल्यावर वडीलधारी काय करतात असे कोणी विचारले की मी ‘शेती’ म्हणत असे. शेती नव्हती. बँड होता. नोकरी लागल्यावर माझ्या लग्नात तात्यांच्या जोडीदारांनी वाजवायची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा सहकारी प्राध्यापक येणार म्हणून मी टाळाटाळ केली. तात्या काही बोलले नाहीत. ते पहिल्या रांगेत पाहुण्यांसारखे बसून राहिले.

हे आठवण्याचे कारण आस्तोर पियाझोला. हा 1921 साली अर्जेंटिनात जन्मलेला, इटालियन वंशाच्या कुटुंबातला मुलगा. त्याचे बालपण न्यूयॉर्कमध्ये गेले. 1935 च्या ‘एल दिया के मे किएरास’ या गार्देलच्या सिनेमात तो वर्तमानपत्र विकणाऱ्या पोराच्या छोट्या भूमिकेत दिसतो. पुढे तो ब्यूनोस आयर्सच्या टँगो वाद्यवृंदात बँडोनियन वाजवू लागला. पण मनात ओढ युरोपच्या अभिजात संगीताची. 1954 साली पॅरिसला नादिया बूलाँजे या थोर शिक्षिकेकडे तो गेला तेव्हा आपण कॅबरेत टँगो वाजवतो हे त्याने लपवले. तिने त्याच्या सिंफनी चाळल्या आणि यात तू कुठे आहेस, असे विचारले. अखेर त्याने संकोचत आपला एक टँगो पियानोवर वाजवून दाखवला. हाच खरा पियाझोला, हे सोडू नकोस, असे तिने त्याला बजावले. परतल्यावर त्याने आधी अष्टक आणि 1960 साली पंचक उभे केले: बँडोनियन, व्हायोलिन, पियानो, विद्युत गिटार आणि डबल बास. नाचासाठी असलेला टँगो त्याने बसून ऐकायला लावला. सिनेमासाठीही त्याने विपुल लिहिले. 1984 च्या ‘एन्रिको चौथा’ या इटालियन चित्रपटातील ‘ओब्लिव्हियन’ आज जगातील असंख्य चेंबर गट वाजवतात. फर्नांदो सोलानासच्या ‘टँगो : गार्देलचा वनवास’ (1985) आणि ‘सूर’ (1988) या चित्रपटांत त्याचे संगीत लष्करी हुकूमशाहीने देशोधडीला लावलेल्यांचे आणि तुरुंगातून घरी परतणाऱ्यांचे दुःख बोलते.

पियाझोलाची लाज आणि माझी लाज मात्र एक नव्हे. त्याने कॅबरे लपवला. मला जात लपवावी लागत होती. त्याला गुरूने ‘परत जा’ म्हटले, आणि परत गेल्यावर त्याला दालन उघडे मिळाले. आम्हांला ‘हलगीकडे परत जा’ असे कोणी म्हटले तर त्यामागे पोळ्याच्या मिरवणुकीपुढे पुन्हा उभे करण्याचा डाव तर नाही ना, हे आधी तपासावे लागते. बाबासाहेबांनी अपमानाची कामे टाकून द्या असे सांगितले, 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते उगीच नव्हे. हलगी फेकून देणारे आमचे कार्यकर्ते संस्कृतीचे शत्रू नव्हते. त्यांनी फेकला तो हुकूम.

पण हुकूम फेकल्यावर नादाचे काय करायचे? या प्रश्नाचे एक उत्तर चळवळीने पूर्वीच दिले आहे. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा बाज घेतला आणि त्यातून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. वामनदादांनी आयुष्यभर तेच केले. वाद्य तेच, हुकूम देणारा बदलला, किंबहुना राहिलाच नाही. याउलट मराठी सिनेमाने तमाशा उचलला तेव्हा काय झाले? 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात 131 आठवडे चालला. ज्यांच्या पिढ्यांनी ती ढोलकी जिवंत ठेवली त्यांच्या वस्तीत त्यातले काय पोचले?

2009 साली अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या मागणीवरून युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. पुढच्याच वर्षी, 2010 च्या जनगणनेत, अर्जेंटिनाने शंभराहून अधिक वर्षांनी प्रथमच आफ्रिकी वंशाविषयी प्रश्न विचारला आणि सुमारे दीड लाख माणसांची नोंद झाली. आधी नाद वारसा ठरला, मग माणसे मोजली गेली. हा क्रम आपल्याकडेही येऊ घातला आहे. हलगी आता महोत्सवांत, शोभायात्रांत, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत वाजते आणि तिला ‘लोकवाद्य’ म्हणतात. लोक कोण, हे मात्र विचारायचे नाही!

म्हणून माझे माझ्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षक मित्रांना सांगणे आहे. डीजेच्या भिंतींनी खेड्यातील बँड जवळजवळ मोडीत काढला आहे आणि वाजवणारी शेवटची पिढी सत्तरी ओलांडते आहे. आपल्या गावच्या वाजंत्र्यांची, बँडवाल्यांची नावे पूर्ण लिहून काढा, आडनावासह. ते काय वाजवीत, कोणाकडून शिकले, काय मिळे, कुठे बसत, कोणत्या पंगतीला जेवत, हे विचारा. हा इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही.

मी सुरुवात घरातून केली. एका उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोबाइलवर ‘टँगो प्रोजेक्ट’ची ती चाल तात्यांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकली. मग विचारले, “कोण माणसं हायेत ही?” मी नावे सांगितली. “यांना जेवायला कुठं बसवित्यात?” मी म्हणालो, “तात्या, तिकडं आत बसवतात.” ते काही वेळ गप्प राहिले. मग पेटी उघडून त्यांनी क्लॅरिनेट बाहेर काढले. पट्ट्या गंजल्या होत्या, दोन स्वर निघत नव्हते. उरलेल्या स्वरांत त्यांनी ती चाल अर्ध्यापर्यंत आणली. मी वही उघडली आणि पहिल्या ओळीवर त्यांचे नाव लिहिले, पूर्ण.